माणसाळणे : एका क्रियापदाची हद्द

'पाळणे' आणि 'माणसाळणे' ही क्रियापदे आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. परंतु त्यांचे व्याकरण वेगळे आहे. पाळणे सकर्मक. त्याचा कर्ता माणूस, प्राणी केवळ कर्म. माणसाळणे अकर्मक, तेथे कर्ता प्राणी असतो. मांजर मी पाळू शकतो, पण माणसाळायचे की नाही हे मांजरच ठरवणार. या दोन क्रियापदांमधील अंतर मिटवण्याचा एक विलक्षण प्रयत्न म्हणजे 'चॉसी' ही संकरित मांजराची जात होय.

रानमांजराचे शास्त्रीय नाव 'फेलिस चॉस'. त्यावरूनच 'चॉसी' हे नाव आले. रानमांजर आणि घरमांजर यांच्या संकरातून ही जात अमेरिकेत घडवली गेली. 1995 मध्ये तिची अधिकृत नोंद सुरू झाली. पहिल्या काही पिढ्यांतील नर बहुधा वंध्य असतात. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या घरमांजराचे रक्त मिसळत जावे लागते. लांब पाय, उभे मोठे कान, शिकाऱ्याची डौलदार चाल हे सारे रानातले राहते. स्वभाव मात्र कमालीचा लळा लावणारा. हे मांजर घरभर माणसाच्या मागे फिरते, उंच उड्या मारते, नवे खेळ चटकन शिकते. आणि त्याला एकटेपण सोसत नाही.

परदेशी स्थायिक झालेल्या माझ्या एका विद्यार्थिनीकडे असे मांजर आहे. ती कामावर निघाली की ते दाराशी बसून आक्रोश करते. तिने मला विचारले, "सर, हे आपल्या बांधीतलेच ना?"

प्रश्न साधा होता, उत्तर तितकेसे साधे नव्हते. गोंदिया जिल्हा धानाचा आणि तलावांचा. रानमांजरालाही घनदाट अरण्यापेक्षा पाणथळ गवत, बोरूची बेटे आणि शेतांच्या कडा अधिक मानवतात. नवेगाव-नागझिऱ्याचे जंगल 2013 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले आणि पर्यटक वाघासाठी तिकडे जाऊ लागले. रानमांजर मात्र गावालगतच्या धुऱ्यावर उंदीर टिपत राहिले. भारतातील घरमांजरांचा रानमांजरांशी संकर होतो, याची नोंद डार्विनने 1868 च्या आपल्या ग्रंथात केली आहे. म्हणजे निसर्गाला हा संकर नवा नाही. नवी आहे ती त्यामागील आपली इच्छा: रूप रानाचे हवे, पण त्याने ओढ मात्र आपली धरावी.

आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनी कापणीत सापडलेले रानमांजराचे पिल्लू घरी आणून दुधावर वाढवले होते. काही आठवडे ते मांडीवर खेळले. पुढे ते कपाटामागे राहू लागले, हात पुढे केला की फिस्कारू लागले आणि एका रात्री निघून गेले. गृहस्थ दुखावले, "कृतघ्न निघाले" म्हणाले. वस्तुतः पिल्लाने कसलाही करार मोडला नव्हता. एका जीवाला एका आयुष्यात लळा लावता येतो. त्याचा स्वभाव बदलायला पिढ्या लागतात. चॉसीच्या आर्जवामागे अशा अनेक पिढ्यांची निवड उभी आहे. शेजाऱ्यांच्या पिल्लामागे ती नव्हती.

हा भेद केवळ भाषिक नाही. संकरित मांजरांची छायाचित्रे पाहून कुणाला बांधीतले पिल्लू उचलण्याचा मोह झाला, तर किंमत त्या पिल्लाला मोजावी लागते. आई बहुधा जवळच दडलेली असते. माणसे दूर झाली की ती परतते. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानमांजर पाळण्यास मनाई आहे. पिल्लू जागीच ठेवावे, तेवढा तुकडा त्या दिवशी कापू नये आणि वनविभागाला कळवावे, एवढेच आपले काम.

विद्यार्थिनीला मी लिहिले, "तुझे मांजर बांधीतल्याच्या नात्यातले आहे, पण बांधीतले नव्हे. त्याला तुझी गरज आहे, कारण ती गरज माणसांनीच त्याच्यात पेरली. तेव्हा त्याला फार वेळ एकटे ठेवू नकोस." धुऱ्यावरच्या रानमांजराबाबत मात्र आपल्याकडे क्रियापद एकच उरते, आणि तेही नकारार्थी: न उचलणे.