‘हो’ दाबायला मीच शिकवलं

मोबाईलवरच्या लिंकला फसतो तो लोभी तरी असतो, नाहीतर अडाणी, असं माझं पक्कं मत होतं. खर्डीत माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं छोटं दुकान आहे. सातबारा, पीक विमा, लाडकी बहीणची ई-केवायसी, असली कामं. पैसे गेले म्हणून कुणी सांगत आलं की मनात यायचं, फुकटचं हवं होतं ना, मग भोगा. कधी चारचौघांत बोलूनही दाखवायचो.

मग एक दिवस पाड्यावरच्या मावशी आल्या. भातशेती करणाऱ्या. पीएम किसानचा हप्ता अडकलेला, आणि व्हॉट्सॲपवर त्याच नावाची फाइल आलेली. नावाच्या शेवटी ‘एपीके’, म्हणजे उघडली की फोनमध्ये थेट ॲपच बसणार. पाठवणारा परका नव्हता. रोज लोकलने कल्याणला कामाला जाणारा त्यांचा भाचा होता. त्याचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेला होता आणि त्याच्या नावाने ती फाइल सगळ्या नातेवाइकांना जात होती. मावशींनी ती उघडली. ॲप अनोळखी ठिकाणचं आहे, असा इशारा फोनने दिला. मग ॲपने मेसेज वाचायची परवानगी मागितली. मावशींनी दोन्हीकडे ‘हो’ केलं. त्यानंतर बँकेचा ओटीपी येत होता त्यांच्या फोनवर आणि वाचत होता भलताच कुणीतरी.

मी चिडूनच म्हणालो, “मावशी, दाबायच्या आधी वाचायचं तरी!”

“दादा, तूच सांगतोस ना, जे विचारील त्याला हो करायचं?”

मला उत्तर सुचलं नाही. खरंच मीच सांगतो. रांग बाहेरपर्यंत गेलेली असते, सर्व्हर मध्येच बंद पडतो, माणसं मजुरी बुडवून आलेली असतात. “अंगठा लावा. हो दाबा. ओटीपी आला? मोठ्याने सांगा.” दिवसभर माझं हेच चालतं. ‘हा आकडा कुणालाही सांगू नका’ असं ज्या मेसेजमध्ये लिहिलेलं असतं, तोच मेसेज समोर धरून लोक मला आकडे वाचून दाखवत आले. चोरांना वेगळं काही शिकवावंच लागलं नाही. हप्ता मावशींच्या हक्काचा होता. हक्काचे पैसे मागणाऱ्या बाईला मी लोभी ठरवत होतो, याची मला आजही लाज वाटते.

दुसरी गोष्ट त्याहून जास्त बोचली. पैसे जाऊन तिसरा दिवस उजाडला होता. लगेच का आला नाहीत, असं विचारलं, तर त्या खाली बघत म्हणाल्या, “मागे तू त्या पोराला बोललास, ते ऐकलं होतं.” तक्रार पहिल्या काही तासांत गेली तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. त्यांचे ते तास माझ्या जिभेने घालवले.

अडाणीपणाचं म्हणाल तर ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीत एका सरकारी कर्मचाऱ्याने व्हॉट्सॲपवर आलेली लग्नपत्रिका उघडली. तीही एपीकेच निघाली आणि सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. २००८ साली फेसबुकवर पसरलेल्या ‘कूबफेस’ या घातक प्रोग्राममध्येही लिंक यायची ती मित्राच्याच नावाने: व्हिडिओ बघ म्हणून. ओळखीच्या माणसावर विश्वास टाकला, एवढंच या सगळ्यांनी केलं.

आता माझ्याकडे ओटीपी मोठ्याने सांगायचा नाही. आधी मेसेज वाचायचा, किंवा मी वाचून दाखवतो, मग आकडे ज्याचे त्याने टाकायचे. वेळ लागतो, रांगेत कुरकूर होते. होऊ दे.

तुमच्या घरात असं कुणाचं झालं, तर आधी त्या फोनचं इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर लावा, बँकेला कळवा. कसा फसलास, हे तेव्हा विचारू नका.