चुन्याची भिंत

"प्लास्टरचं प्रमाण सांग."
"सर, सिमेंट १, वाळू ४."

व्हायव्हात हे उत्तर फाडकन दिलं आणि मार्कही मिळाले. त्याच जोरावर सेकंड इयरच्या मे महिन्यात घरी बाबांना सल्ला दिला, "माजघराची चुन्याची भिंत सारखी झडतेय, खरवडून सिमेंट मारून घ्या." आमचं घर कोकणातलं, जांभ्याचं, पणजोबांच्या वेळचं. पण इंजिनिअर होऊ घातलेल्या पोराचा शब्द! बाबांनी लगेच गवंडी बोलावला.

दिवाळीत घरी गेलो तर भिंतीला कमरेएवढी ओल. प्लास्टरला फुगे आलेले, वर पांढरा लोणा फुटलेला. आजीची खाट माजघरातून ओटीवर आली होती. मला कोणी एक शब्द बोललं नाही. तेच जास्त लागलं.

डिसेंबरात हॉस्टेलवरचे आम्ही तिघं गोव्याला गेलो. दोघं अर्थातच समुद्रावर पळाले. मी पणजीतच फोंतेन्हासमध्ये फिरत राहिलो. मांडवीला मिळणाऱ्या ओरें खाडीच्या काठी, आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी वसलेला हा जुना भाग. मूळची नारळाची बागायत. जुन्या गोव्यातून कारभार पणजीला हलला, १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली आणि इथली वस्ती दाटत गेली. आज हा भाग जपून ठेवला आहे. अरुंद गल्ल्या, निळी, पिवळी, लाल घरं. पांढरा रंग चर्चचा, म्हणून घराला दुसरा रंग द्यायचा, आणि तोही पावसाळा संपला की दरवर्षी, अशी पोर्तुगीज काळापासूनची रीत.

एका बसक्या कौलारू घरापुढे थबकलो. भिंतीचा निळा रंग उतरवून एक म्हातारे गवंडीकाका घमेल्यात चुना कालवत होते. मी विचारलं, "काका, सिमेंट का नाही वापरत? टिकेल की!"

त्यांनी थापी खाली ठेवली. "पुता, ही भिंत पाणी पिते आणि परत देते. तिचं तोंड बांधलंस तर जाईल कुठे ते पाणी?"

चार सेमिस्टरमध्ये जे कळलं नव्हतं ते तिथे उन्हात उभ्या उभ्या कळलं. जांभा सच्छिद्र, जमिनीतली ओल वर ओढणारा. चुन्याचा गिलावा ती ओल हवेत सोडून देतो. सिमेंट ती अडवतं, मग पाणी आणि क्षार आतच साठून दगड पोखरतात. चुना थोडा झडतो, तो दगडाच्या बदल्यात. म्हणून तर दरवर्षी हात फिरवायचा! आम्ही ज्याला दोष समजलो, ते त्याचं कामच होतं.

त्या रात्री घरी फोन केला. "बाबा, चुकलं माझं." पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, "भिंत आहे ना अजून? मग झालं."

यंदाच्या मे महिन्यात आम्ही दोघांनी सिमेंट खरवडलं. चुना जाणणारा गवंडी शोधायला चार गावं पालथी घातली. कळीचा चुना विरवला, मुरवला, थर दिले. हात भाजले, पाठ मोडली. एक पावसाळा गेला. खालच्या वितीभर भागात ओल अजून आहे, पण लोणा नाही.

आजीची खाट मात्र ओटीवरच आहे. म्हणते, "अजून एक पावसाळा बघूया रे. तुझं सबमिशन मी एवढ्यात चेक नाही करायची!"

– अंतिम वर्ष, स्थापत्य