वहिनी, राजा बदलायला हवा होता का?

प्रिय वहिनी,

परवा फोनवर 'ब्लॅक पँथर'च्या दुसऱ्या भागाचा विषय निघाला आणि तू म्हणालीस, "दुसरा नट घ्यायचा सरळ. त्यात काय एवढं?" आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवलास. शिट्टी मला काही ऐकू आली नाही. फोनवर तुझ्याशी वाद घालता येत नाही, म्हणून हे पत्र.

आधी तुझी बाजू, कारण ती लेचीपेची नाही. नट जातो आणि भूमिका राहते, हे आपल्या लोकांना कुणी शिकवायला नको. डॉ. लागूंनी १९७० साली उभे केलेले आप्पा बेलवलकर पुढे दत्ता भटांनी केले, सतीश दुभाषींनीही केले आणि लोक तिकीट काढून येतच राहिले. मार्व्हलवाल्यांनाही यात नवीन काही नाही. टेरेन्स हॉवर्डच्या जागी डॉन चीडल आला. विल्यम हर्ट २०२२ मध्ये गेले, तर त्यांचा रॉस पुढे हॅरिसन फोर्डनं केला. मग एकट्या टचालाला, वाकांडाच्या राजाला, वेगळा न्याय का? टचाला करणाऱ्या चॅडविक बोसमनच्या सख्ख्या भावानंसुद्धा भूमिका पुढे चालू राहावी, असंच म्हटलं होतं. तुझा लेकही तेच म्हणतो, राजा जगायला हवा होता. त्या पोराला काय उत्तर द्यायचं, मला अजून सुचलेलं नाही.

तरीही राजा न बदलणाऱ्या दिग्दर्शक कूगलरचं मला पटतं. का, ते सांगते.

बोसमनला आजार कळला २०१६ मध्ये, आतड्याचा कर्करोग, तिसरा टप्पा. 'ब्लॅक पँथर' त्यानंतरचा. त्या सगळ्या मारामाऱ्या त्यानं उपचार चालू असताना केल्या आणि बाहेर कुणाला पत्ता लागू दिला नाही. ऑगस्ट २०२० मध्ये तो गेला तेव्हा दुसऱ्या भागाची पटकथा लिहून तयार होती, पण ती वाचण्याइतकं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. आणि त्या पहिल्या खर्ड्यात काय होतं माहितेय? पाच वर्षं नाहीसा झालेला बाप परत येतो आणि त्याला न ओळखणाऱ्या मुलाशी नव्यानं नातं जोडतो. तो खर्डा बाजूला ठेवावा लागला. कूगलर तर सिनेमाच सोडायच्या विचारात होता. अशा वेळी त्यानं कुणाच्या अंगावर तो काळा पोशाख चढवायचा, वहिनी? हॉवर्ड जिवंत होता, त्याची जागा भरणं हा हिशेबाचा मामला होता. इथे कॅमेऱ्यासमोर उभ्या असलेल्या सगळ्यांच्याच घरात सुतक होतं. टचालाची बहीण शुरी झालेल्या लेटिशिया राइटला वेगळा अभिनय करायची गरज किती पडली असेल?

सुरुवात आठव. शुरी प्रयोगशाळेत भावाला वाचवू शकेल अशी ती वनस्पती पुन्हा तयार करायला धडपडते आहे, भाऊ पलीकडच्या खोलीत, आपल्याला दिसतही नाही. आई येऊन सांगते आणि संपलं. आजाराचं नावसुद्धा नाही. तू तिथे माझा हात धरलास. आपल्या दोघींनाही ती धावपळ ठाऊक होती, हे औषध मिळतंय का, तो डॉक्टर काय म्हणतोय. मग पांढऱ्या कपड्यातली अख्खं वाकांडा नाचत-गात त्याला पोचवते. आणि वर्षानंतर रमोंडा लेकीला नदीकाठी नेते, दुखवट्याचे कपडे जाळून टाकू म्हणते. शुरी ऐकत नाही. भाऊ वाऱ्यातून भेटतो वगैरे तिला पटत नाही, ते मनाचे खेळ आहेत म्हणते. दादाच्या वर्षश्राद्धाला मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नव्हते, आठवतं? आई काही बोलली नाही. तूही नाही.

नवा टचाला आणला असता तर हे सगळं कुठे बसलं असतं? रमोंडाला तो दरबारातला आकांत मिळाला नसता. शुरीला पळवून नेल्यावर ती ओकोयेचं पद काढून घेते तो प्रसंग मी पुन्हा पुन्हा बघितला. आयुष्यभर भाल्यासारखी ताठ उभी राहिलेली ती सेनापती तिथे कोलमडते आणि रमोंडा झालेली बॅसेट भर दरबारात विचारते की माझं आणखी काय द्यायचं बाकी आहे. मार्व्हलच्या सिनेमातल्या अभिनयाला ऑस्करचं पहिलं नामांकन मिळालं ते हिला, आणि ते योग्यच होतं.

समुद्राखालचा राजा नेमोरही मला या दुःखामुळेच कळला. टेनोच वेर्ताला घेऊन आणि समुद्राखालच्या राज्याला माया लोकांचा वारसा देऊन कूगलरनं त्याला खलनायकाच्या पलीकडे नेलं. आईला तिच्या मातीत पुरायला आलेल्या त्या पोराला तिथे स्पॅनिश जमीनदाराच्या शेतावर गुलाम राबताना दिसतात. त्याचा राग तिथून येतो. शुरीचाही रागच आहे, म्हणून तर वनस्पती प्याल्यावर तिला गेलेली आई दिसत नाही, पहिल्या भागातला खलनायक किलमाँगर दिसतो. किलमाँगर करणाऱ्या मायकेल बी. जॉर्डनला त्या एका प्रसंगापुरतं परत आणणं ही मला अख्ख्या सिनेमातली सगळ्यात हुशार निवड वाटते.

त्या विद्यार्थिनी रीरीबद्दल मात्र मी तुझ्याच बाजूची. डॉमिनिक थॉर्न चुणचुणीत आहे, पण पुढच्या मालिकेची सोय म्हणून तिला इतकी जागा दिलेली जाणवते. सीआयएवाला रॉस (फोर्डचा तो रॉस वेगळा) आणि त्याच्या माजी बायकोचं तर मला काही घेणंच नव्हतं. ती मिनिटं टचालाच्या नाकियाला द्यायला हवी होती.

नाकियावर तू फार कडक झालीस. राजाच्या अंत्यविधीला आली नाही म्हणजे काय, असं म्हणालीस. अगं, ती सांगते ना, टचालानंच तसं ठरवलं होतं. तिनं आणि मुलानं हैतीमध्ये आपला वेगळा विधी केला. सिंहासनापासून लांब मूल वाढवायचं हेही दोघांचं आधीच ठरलेलं. तेराव्यानंतर तू लेकाला घेऊन नाशिकला गेलीस तेव्हा आपल्याकडे काय काय बोललं गेलं ते तुला माहीत आहे, आणि मी काय बोलले तेही. मग नाकियालाच का बोल लावतेस? आणि माझी तक्रार जाण्याबद्दल नव्हतीच. त्यानंतर एकदाही राहायला आली नाहीस, त्याबद्दल आहे.

आणखी एक, आणि हे नीट वाच. राजा बदलू नये, हे मी सिनेमाबद्दल म्हणते आहे. आईनं तुला दिवाळीत जे विचारलं आणि तू विषय बदललास, त्याच्याशी याचा संबंध जोडू नकोस. तिनं मनापासून विचारलं होतं. तुझ्या घरात कुणी यावं की नाही हे एखाद्या नणंदेच्या सिनेमावरच्या मतावरून ठरत नाही. मला आवडेल की नाही असंही तू विचारू नयेस. पण विचारलंसच, तर हो, आवडेल.

मे महिन्यात दोघं या. सिनेमाच्या शेवटी डोंगरातला एम्बाकू सिंहासनावर हक्क सांगायला येतो, पुढे काय ते सिनेमा दाखवत नाही. तुझा लेक म्हणतो, तो राजा चालणार नाही. माझ्या मते चांगला चालेल. तुझं काय मत, ते मला हवंय, आणि या वेळी शिट्टी नको.

तुझी,
नणंद