दुर्बिणीतून खरंच दिसतं का?



आमची शाळा उजनी धरणाच्या फुगवट्यापासून फार लांब नाही. हिवाळ्यात भिगवणच्या बाजूला पक्षी बघायला पुण्या-मुंबईहून गाड्या येतात आणि आमची मुलं त्या गाड्याच बघत बसतात. म्हणून तीन वर्षांपूर्वी मी पालकांकडून थोडी थोडी वर्गणी घेतली आणि १,८०० रुपयांची दुर्बीण ऑनलाईन मागवली. तिच्यावर ठळक छापलं होतं, ३०×६०. मला वाटलं, आकडा मोठा म्हणजे दुर्बीण भारी. डी.एड.ला हे कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नाही.

चौथीच्या मुलांना पाण्यावर नेलं. एकेकाने दुर्बीण डोळ्याला लावली. "दिसलं का?" "दिसलं मॅडम!" सगळ्यांनाच दिसलं. मी खूश. दुसऱ्या दिवशी म्हटलं, काय दिसलं त्याचं चित्र काढा. निम्म्या वह्यांत गुलाबी रोहित पक्षी, एका पायावर उभा! त्या दिवशी पाण्यावर एकही रोहित नव्हता. होती ती केशरी-तपकिरी चक्रवाक बदकं. चित्रं आली होती घरच्या कॅलेंडरवरून.

मुलांवर रागावणार कशी? मीसुद्धा त्या दुर्बिणीतून बघून "वा!" म्हटलं होतं. धूसर दिसत होतं, डोकं दुखत होतं, तरीही म्हटलं होतं. लोकांचे पैसे लावले होते ना.

मग आम्ही त्या दुर्बिणीचीच परीक्षा घेतली. तुम्हीही वर्गात करून बघा. आकड्यांमधला पहिला म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते तो, आणि दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. कंपासपेटीतली पट्टी लावली. ६० च्या जागी जेमतेम २५ भरले! मग एका डोळ्याने दुर्बिणीतून आणि दुसऱ्या उघड्या डोळ्याने शाळेच्या भिंतीची वीट बघितली. दोन्ही विटा शेजारीशेजारी दिसतात, तुलना करता येते. ३० पट कुठली, आठ पटसुद्धा होईना. गणिताचा असा तास माझ्याकडून पुन्हा झालेला नाही.

खरी चांगली दुर्बीण मी पुढच्या हिवाळ्यात बघितली. होडीच्या धक्क्यावर एक निवृत्त काका भेटले. त्यांच्या गळ्यात ऑस्ट्रियन बनावटीची ८×४२ होती. मुलांना बघून त्यांनी ती आपणहून काढून दिली. किंमत विचारली तर म्हणाले, "दोन लाखांच्या वर." माझे हातच थरथरायला लागले. आमच्या शाळेचं कित्येक वर्षांचं अनुदान गळ्यात अडकवून माणूस फिरतोय!

खरं सांगू? दुपारी चारला मला फारसा फरक कळला नाही. पंधरा-वीस हजारांची दुर्बीणही भर उजेडात असंच दाखवत असेल, असं वाटलं. फरक कळला तो सूर्य बुडाल्यावर. उघड्या डोळ्यांना पाणी काळं झालं होतं आणि दुर्बिणीतून चित्रबलाकाच्या पंखावरचा गुलाबी रंग अजून दिसत होता. काकांनी समजावलं. दुर्बीण हातभर लांब धरून आभाळाकडे केली की डोळ्याकडच्या भिंगात उजेडाची एक गोल टिकली दिसते. ४२ भागिले ८, म्हणजे सव्वापाच मिलिमीटर. अंधारात आपली बाहुली मोठी होते, तेव्हा एवढा उजेड कामाला येतो. टिकली पूर्ण गोल हवी, कडा कापलेल्या दिसल्या तर आतला लोलक हलका समजायचा. दुसरी खूण म्हणजे आभाळासमोरचा कावळा. हलक्या भिंगात त्याला जांभळी किनार दिसते, त्यांच्या दुर्बिणीत जवळपास नव्हतीच. शिवाय आत नायट्रोजन भरलेला, त्यामुळे आतून धुकं धरत नाही. पैसे जातात ते या सगळ्यासाठी, आणि ते फुकट जात नाहीत.

पण मग आमच्या वर्गातली सगळ्यात लहानखुरी मुलगी बघायला लागली आणि म्हणाली, "मॅडम, दोन गोल दिसतात. मधे काळं."

काकांनी दुर्बीण पूर्ण मिटवली. तरी दोन गोल. मी तिच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर पट्टीने मोजलं, ५१ मिलिमीटर. ती दुर्बीण साधारण ५५ च्या खाली मिटतच नव्हती. मोठ्यांच्या डोळ्यांसाठी बनवलेली वस्तू ती. त्यातून वजन पाऊण किलोच्या वर, पोरीचे हात लगेच खाली येत होते. दोन लाखांची दुर्बीण, आणि हिच्यासाठी ती नळीच! पण ही एकटी खरं बोलली. बाकीच्या किती जणांनी दोन गोल बघून "दिसलं" म्हटलं असेल, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

यंदा शाळेने दोन छोट्या दुर्बिणी घेतल्या, ८×२५, दोन बिजागऱ्यांच्या. त्या अगदी अरुंद मिटतात आणि वजनाला हलक्या. यावेळी दुकानात मी एकटी गेले नाही, तिलाही नेलं, तिच्या आईसकट. दुकानदाराने तीन दाखवल्या. तिने रस्त्यापलीकडची पाटी वाचून एक निवडली. संध्याकाळी या दुर्बिणी लवकर मान टाकतात, २५ भागिले ८ म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर. म्हणून आम्ही सकाळी जातो. काकांच्या दुर्बिणीचा मोह मला आजही आहे, ते लपवत नाही. पालकांनो, घरी घेणार असाल तर आधी मुलाच्या डोळ्यांमधलं अंतर मोजा, किंमत नंतर बघा.

आता "दिसलं का?" हा प्रश्न मी विचारत नाही. "काय करतोय तो?" असं विचारते. परवाच्या फेरीनंतर त्या मुलीने वहीत बदकाचं चित्र काढलं. पाठमोरं, मान पंखात खुपसलेलं, केशरी. खाली लिहिलं होतं, "झोपलंय. एक डोळा उघडा आहे."