हजेरीपटाची दुसरी प्रत

छत्रपती संभाजीनगर,
जुलै २०२४

चि. सौ. ताईस,



तुझे पत्र पावले. २१ मार्चच्या पहाटेनंतर १० जुलैच्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात पुन्हा जमीन हादरली, दोन्ही वेळी धक्क्याची तीव्रता साडेचारच्या आसपास होती, आणि तेव्हापासून तुझ्या शाळेतली धाकटी मुले पत्र्यावर पाखरू उतरले तरी दचकतात, हे वाचून मन अस्वस्थ झाले. मोठा भूकंप होणार की नाही, हे सांगण्याचे सामर्थ्य शास्त्रालाही अद्याप लाभलेले नाही, तेव्हा माझ्यासारख्या महसूल खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाने त्याविषयी काही बोलू नये. परंतु तू विचारलेला प्रश्न निराळा आहे. प्रसंग ओढवलाच तर मुलांचे काय करायचे, असे तू विचारतेस, आणि किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी मामा त्या भागात कामावर होते म्हणून मलाच विचारतेस. त्याचे उत्तर देणे मी माझे कर्तव्य समजतो.

३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी असल्यामुळे गणपती विसर्जन करून लोक उशिरा घरी परतले होते आणि गाढ झोपेत होते. चार वाजायला काही मिनिटे असताना लातूर जिल्ह्यातील औसा आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील उमरगा या दोन तालुक्यांतली किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी, पेठसांगवी अशी नांदती गावे काही क्षणांत कोसळली. धक्का रिश्टर मापनावर सहाच्या थोडाच वर होता. जगात याहून मोठे धक्के बसतात आणि माणसे वाचतात. आपल्याकडे माणसे मेली ती घरांमुळे. दोन-दोन हात रुंदीच्या, चिखलात रचलेल्या काळ्या दगडांच्या भिंती आणि वर पिढ्यानपिढ्या पांढरी माती चढवून जड झालेले माळवद, अशा वाड्यांत जो जितका आतल्या खणात निजलेला तो तितका खोल गाडला गेला. मृतांचा आकडा निरनिराळ्या अहवालांत आठ ते दहा हजारांच्या दरम्यान आढळतो. बावन्न गावे जुन्या जागी पुन्हा वसलीच नाहीत. ती नव्या जागी उभी करावी लागली.

या गावांकडे औरंगाबाद विभागातून पंचनाम्यांसाठी जी माणसे रवाना झाली त्यांत मी एक तरुण कर्मचारी होतो. पावसाची झड लागलेली, एकीकडे सामुदायिक चिता पेटलेल्या, आणि आमच्या हातात रकाने आखलेले कागद: मयत, जखमी, घराची पडझड, जनावरे. जो मेला त्याला त्या कागदात रकाना होता. जे मूल जिवंत राहिले आणि ज्याच्या शेजारी आता कोणीच उरले नव्हते, त्याला स्वतःचा असा रकाना नव्हता. ही उणीव वाटते तितकी क्षुल्लक नाही. एका गावाबाहेर कडुलिंबाखाली पोत्यावर बसवलेल्या चार-पाच वर्षांच्या मुलाला मी नाव विचारले, तेव्हा त्याने घरातले लाडाचे नाव सांगितले. बापाचे नाव विचारले तर ‘दादा’ म्हणाला, आडनाव विचारले तर गप्प राहिला. तलाठ्याचे दप्तर ढिगाऱ्याखाली, शाळेचा दाखलखारीज ढिगाऱ्याखाली. अखेर गावच्या कोतवालाला बोलावले. घरटी वर्दी देत आयुष्य काढलेल्या त्या म्हाताऱ्याने मुलाची हनुवटी वर करून चेहरा न्याहाळला आणि आजोबापासून तीन पिढ्यांची नावे सांगितली. मी ती लिहून घेतली. कोतवाल त्या रात्री वाचला नसता तर ते मूल कोणाचे, हे ठरवायला किती महिने गेले असते, याची कल्पना करवत नाही.

म्हणून तुला पहिली गोष्ट सांगतो ती ही, की आपत्तीनंतर मुलाचे पहिले संरक्षण त्याच्या नावाच्या नोंदीत असते. अन्न, पांघरूण, औषध हे सर्व तातडीचे आहेच, आणि आपला समाज त्या बाबतीत कधी हात आखडता घेत नाही. किल्लारीला तर भाकरीचे ढीग आणि जुन्या कपड्यांचे डोंगर साचले होते. परंतु नाव, बापाचे नाव, गाव, सोबतची भावंडे, आणि आजोळ कोठले, या पाच गोष्टी ज्या मुलाच्या लिहिल्या गेल्या नाहीत, ते मूल जो पहिला हात धरील त्याच्यामागे जाते. तो हात बहुधा मायेचा असतो. नेहमीच असेल याची हमी कोणी द्यावी?

नोंदीवर पुढे काय काय अवलंबून राहिले ते पाहा. जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य शासनाने पुनर्वसनाचा जो मोठा कार्यक्रम हाती घेतला, त्यात नव्या गावातील घराचा आकार जमिनीच्या धारणेवर ठरला: भूमिहीनास व एक हेक्टरपर्यंतच्या खातेदारास अडीचशे चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यास साडेचारशे आणि त्यावरच्या खातेदारास साडेसातशे. म्हणजे बापाच्या सातबारावर वारस म्हणून मुलाचे नाव चढले की नाही, यावर त्याच्या डोक्यावरचे छप्पर ठरणार. वारस अज्ञान, म्हणजे वयाने सज्ञान न झालेला, असेल तर फेरफारात त्याच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून कोणा वडीलधाऱ्याचे नाव लागते, आणि तो चुलता किंवा मामा सज्जन असला तर सर्व काही ठीक चालते. पण १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार अज्ञानाची स्थावर मिळकत जिल्हा न्यायालयाच्या परवानगीवाचून पालकास विकता येत नाही, ही गोष्ट खेड्यात किती जणांना ठाऊक असते? मुलींची तर त्याहून उपेक्षा. बापाच्या पश्चात त्याच्या हिश्शात मुलगी मुलाच्या बरोबरीने वारस आहे, हे १९५६ च्याच हिंदू वारसा कायद्याने ठरलेले. तरीही वारसांची नावे सांगताना ‘एक मुलगा’ असे सांगून थांबणारे भाऊबंद मी पाहिले आणि पुढे ‘मुलगी?’ असे आपण होऊन विचारावे लागे. तसे विचारले की नाव येई, विचारले नाही तर येत नसे. ताई, विचारणाऱ्या माणसाचे मोल मला त्या कामाने शिकवले.

दुसरी गोष्ट भावंडांची. नातलग येत तेव्हा वाटणी होई: मुलगा चुलत्याकडे, मुलगी आजोळी, आणि तान्हे असेल तर निपुत्रिक आत्याकडे. सर्वांची गरज असे, सर्वांचे डोळे ओले असत, आणि तरीही त्या वाटणीत मुलाचे जे काही शिल्लक उरले होते तेच तुटत होते. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी धाकट्या भावाच्या सदऱ्याचे टोक मुठीत धरून बसलेली मला आठवते. जीपमधून आलेले नातलग परोपरीने समजावीत होते, आणि ती बोलत नव्हती, रडतही नव्हती, फक्त मूठ सोडत नव्हती. शेवटी गावातल्या एका वृद्ध बाईने दोघांनाही आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये नेले आणि नातलगांना दिवाळीनंतर या म्हणून सांगितले. कायद्याच्या दृष्टीने त्या बाईला कसलाही अधिकार नव्हता. शहाणपण मात्र त्या दिवशी तिच्याकडेच होते. आईबाप गेल्यावर ज्या एकाच माणसाला कालचे घर ठाऊक आहे ते माणूस म्हणजे भावंड, आणि त्याला वेगळे करण्याइतकी निकड कोणत्याही सोयीला असू नये, असे माझे ठाम मत आहे.

मुलांना गावाबाहेर न्यावे की नाही, याविषयी तू पुण्याच्या कार्याचा उल्लेख केला आहेस. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी त्या काळी भूकंपग्रस्त भागातील सुमारे बाराशे मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाची व निवासाची जबाबदारी घेतली. त्यातूनच वाघोलीचे शैक्षणिक पुनर्वसन केंद्र उभे राहिले आणि पुढे अन्य आपत्तींतल्या व दुर्गम भागांतल्या मुलांनाही त्याचा आधार मिळाला. हे काम मोठे आहे, आणि आमची शासकीय यंत्रणा मयतांच्या याद्या करण्यात गुंतलेली असताना जिवंत मुलांच्या पुढील दहा वर्षांचा विचार कोणी केला, याबद्दल मराठवाड्याने कृतज्ञ राहिले पाहिजे. तरीही माझा कल नळदुर्गच्या बाजूने आहे. राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी, पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने, नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ उभारले, ते भूकंपग्रस्त उस्मानाबाद जिल्ह्यातच. तेथे मुलाच्या कानावर आपलीच बोली पडे, आजीला एस.टी.ने येऊन नातवाला भेटून संध्याकाळपर्यंत परतता येई, आणि मूल सुट्टीत ज्या गावी जाई त्या गावाचे ते परके होत नसे. पोरके झालेल्या मुलाला आधी नातलगांत ठेवावे, ते शक्य नसेल तर जवळच्या संस्थेत, आणि दूरची संस्था सर्वांत शेवटी, हा क्रम सध्याच्या बाल न्याय कायद्याच्याही आशयाशी जुळतो.

दत्तकाविषयी एवढेच सांगतो, की भूकंपानंतर दूरदूरच्या शहरांतून मूल हवे असलेली माणसे येतात, आणि त्यांच्या हेतूंविषयी मला शंका नाही. परंतु ज्या मुलाचा बाप मिरजेच्या किंवा सोलापूरच्या इस्पितळात बेशुद्ध पडलेला असू शकतो, त्याला अनाथ ठरवण्याची घाई करणे हा अन्याय आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तशा मुलांचे तातडीचे दत्तकविधान रोखले गेले, ते योग्यच झाले. आज कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात बाल कल्याण समिती आहे. सापडलेले मूल चोवीस तासांच्या आत तिच्यापुढे हजर करावे लागते, आणि दत्तकासाठी मोकळे असल्याचे ठरवण्यापूर्वी आईबापांचा व नातलगांचा शोध घ्यावाच लागतो. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा दूरध्वनी क्रमांक तुझ्या वर्गाच्या भिंतीवर असेलच. नातलगांकडे वाढणाऱ्या मुलांसाठी बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये मिळतात. गरीब चुलत्याला पुतण्याचे ओझे होऊ नये म्हणून ही रक्कम थोडी असली तरी मोलाची आहे, आणि तिचा अर्ज बहुतेक वेळा शाळेतल्या मास्तरांनीच भरून द्यावा लागतो.

आता मनाविषयी. त्या भागातली मुले कित्येक महिने छताखाली निजायला तयार होत नसत. थंडी पडली तरी उघड्यावर गोधडी ओढून पडत. त्यांना भित्री म्हणणारे लोक होते, पण ज्यांनी छतच अंगावर पडलेले पाहिले त्यांनी छताला भ्यावे यात भित्रेपणा कोठला? पाहुणे, पुढारी, छायाचित्रकार येत आणि प्रत्येक जण त्याच मुलाला पुन्हा तीच हकिकत विचारी; ते मूल पाठ केलेल्या धड्यासारखी ती सांगू लागे. तुझ्या शाळेत असे कोणाला करू देऊ नकोस. ज्याला बोलायचे असेल त्याचे ऐकावे, ज्याला नसेल त्याला मातीत खेळू द्यावे. मी पाहिले ते असे, की जेथे शिक्षकाने आठ-पंधरा दिवसांत झाडाखाली फळा टांगून हजेरी घ्यायला सुरुवात केली, तेथली मुले लवकर हसू लागली. सकाळी ठरल्या वेळी ठरल्या जागी कोणी तरी आपले नाव पुकारणार आहे, एवढ्या आधारावर मूल पुष्कळ सहन करते.

आणखी एक गोष्ट, जिचा उल्लेख फारसा होत नाही. भूकंपात ज्यांची सर्व अपत्ये दगावली अशा कितीतरी माता कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या होत्या. त्यांच्यासाठी ती शस्त्रक्रिया उलटवण्याची सोय करण्यात आली, आणि पुढे अनेक घरांत पुन्हा पाळणे हलले. त्या मातांचे दुःख पाहिलेल्या कोणालाही ते योग्यच वाटेल. मात्र गेलेल्या भावाच्या जागी आलेल्या, क्वचित त्याचेच नाव मिळालेल्या मुलाला स्वतःचे असे बालपण मिळावे म्हणून शिक्षकाने डोळ्यांत तेल घालून जपायला हवे.

किल्लारीला धक्का पहाटे बसला म्हणून शाळा रिकाम्या होत्या. गुजरातेत २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी अंजारच्या अरुंद गल्लीतून प्रजासत्ताकदिनाची फेरी काढणारी शाळकरी मुले भिंतींखाली गेली. २००५ च्या ऑक्टोबरात काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेपलीकडे वर्ग भरलेले असतानाच शाळा कोसळल्या. २०१५ मध्ये नेपाळात भूकंप शनिवारी, सुट्टीच्या दिवशी आला म्हणून हजारो वर्ग रिकामे होते. मुलांचे प्राण घड्याळाच्या भरवशावर सोडता येत नाहीत, म्हणून तुझ्या शाळेच्या इमारतीची तपासणी बांधकाम विभागाकडून करून घेण्याचा लेखी अर्ज मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठव, आणि त्याची पोच घेतल्याशिवाय राहू नकोस. १९९२ च्या ऑक्टोबरातही किल्लारीला धक्के बसले होते. लोक घाबरले, मागण्या झाल्या, मग धक्के थांबले आणि वर्षभरात विषय मागे पडला. तुमच्याकडे तसेच घडेल असे मी म्हणत नाही, परंतु धक्के थांबल्यावर जो काळ मिळतो तोच कामाचा असतो.

तेव्हा आता लगेच एवढे कर. एक साधी वही घे. प्रत्येक मुलाचे पूर्ण नाव, घरात हाक मारण्याचे नाव, आईबापांची नावे, शाळेत नसलेली धाकटी भावंडे, आजोळचे गाव, जिल्ह्याबाहेरच्या एका नातलगाचा दूरध्वनी, आणि अंगावरची एखादी खूण, असे लिहून काढ. पहिलीच्या मुलांकडून स्वतःचे पूर्ण नाव आणि गाव रोज प्रार्थनेनंतर म्हणवून घे. वहीची दुसरी प्रत शाळेत ठेवू नकोस आणि गावातही ठेवू नकोस. ती मला टपालाने पाठव, मी ती माझ्याकडे नीट जपून ठेवीन, आणि दरवर्षी जूनमध्ये नवी आली की जुनी बदलीन. शेजारच्या गावांतल्या शिक्षकांनाही हेच सांग. त्यांच्याही वह्या आल्या तर माझ्या कपाटात जागा आहे.

तुझा,
मामा