जागा असेल तसं

स्लॅब टाकल्याच्या दुसऱ्या पहाटे त्याच्यावर तळहात टेकवून पाहावा. वारा गार असतो, गोणपाटं ओली असतात, बांध घालून अडवलेल्या पाण्यात नुकतं उजाडू लागलेलं असतं, गवंडी आणि बिगारी आदल्या संध्याकाळीच घमेली पालथी घालून गेलेले असतात. आणि त्या सगळ्या निजलेल्या राखाडी विस्ताराखालून तळव्याला ऊब लागते. कुणीतरी आत जागं आहे.

लोक म्हणतात, सिमेंट सुकतं. खरं तर ते पाणी पितं आणि घट्ट होतं. केसाच्या जाडीहून बारीक दाणे, आणि दाण्यादाण्यांच्या मध्ये पाणी: तेवढंच त्यांचं आकाश. दाणा कडेने विरघळतो, आणि त्यातून जे नवं घडतं त्याला मूळ दाण्याच्या दुपटीहून थोडी जास्तच जागा लागते. मग ते जागा शोधत निघतं. मोकळ्या पाण्यात शिरलं, तर तंतू होऊन पसरतं, शेजारून एट्रिंगाइट नावाच्या स्फटिकाच्या सुया उमटतात, कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या षटकोनी पत्र्या ऐसपैस वाढतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालची ती छायाचित्रं मी कितीतरी वेळ बघत बसतो. पण जे दाण्याच्या स्वतःच्याच हद्दीत घडतं, त्याला ना तंतू, ना टोकं. लग्नघरच्या माजघरात रात्री पाहुणे निजतात, याचा गुडघा त्याच्या पाठीत, पाय पसरायला कुणालाच जागा नाही आणि मध्ये फटही नाही, तसं ते दाट, बिनचेहऱ्याचं असतं.

द्रव्य बहुतेक तेच. जागा वेगळी.

अमेरिकेत १९४० च्या दशकात पॉवर्स आणि ब्राउनयार्ड या संशोधकांनी या जागेचा हिशेब मांडला. सिमेंटच्या वजनाच्या साधारण ०.३८ पट पाणी असेल, तर सगळं नवं द्रव्य जेमतेम मावतं. त्याहून पाणी कमी पडलं, की काही दाण्यांचा गाभा बदलतच नाही. बदलून जायचं कुठे?

खडीच्या अंगाला वेगळीच तऱ्हा. दगडाच्या सपाट कडेला दाणे नीट दाटीने बसत नाहीत, तिथे पाणी जरा जास्त साचतं, आणि त्या अरुंद पट्टीत ते षटकोनी स्फटिक मोठे, देखणे होतात. भेग बहुधा तिथूनच सुरू होते. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ समोरच्या भिंतीकडे पाहत राहिलो. तिच्यातलं सर्वांत सुंदर तिथे आहे, जिथे ती सर्वांत दुबळी आहे.

पण म्हणून अडचणीची आरती ओवाळायची नाही. ताज्या, मऊ लगद्यात निरुपद्रवी असलेली एट्रिंगाइटची सुई उशिरा, घट्ट झालेल्या काँक्रीटच्या इवल्या पोकळीत वाढू लागली, की भिंतींना रेटते. सुरुवातीलाच ७० अंश सेल्सियसच्या वर तापलेलं आणि पुढे ओलाव्यात राहिलेलं काँक्रीट कधी कधी वर्षांनंतर असं आतून तडकतं. कोंडमारा घट्ट करतो, तसा फोडतोही.

मला मोह पडतो तो त्या न बदललेल्या गाभ्यांचा. आतली आर्द्रता साधारण ८० टक्क्यांच्या खाली गेली की सारं काम जवळजवळ थांबतं. सुया, पत्र्या, तंतू जिथल्या तिथे. मग केव्हातरी बारीक चीर जाते, चिरेतून पावसाचा थेंब झिरपतो, आणि इतकी वर्षं गप्प राहिलेला दाणा पुन्हा विरघळू लागतो. चीर अगदी बारीक असेल, तर कधी कधी भरूनही येते.

त्या थेंबाची वाट पाहायला मात्र भिंतीला लावू नका. साध्या पोर्टलँड सिमेंटचं काँक्रीट किमान ७ दिवस ओलं ठेवा. हवा उष्ण आणि कोरडी असेल, तर १० दिवस. आणि मिस्त्री कितीही घाई करो, पाणी मारणं मध्येच सोडू नका.