नाव ठाऊक नसलेल्यांचं देणं

दादा रेडीच्या लोहखाणीत ट्रक चालवायचा. जिथे 1976 मध्ये द्विभुज गणपतीची मूर्ती मातीखाली सापडली, त्याच खाणींची लाल धूळ त्याने वर्षानुवर्षं गिळली. फुफ्फुसं सुकली ती त्या धुळीनेच, असं एकाही डॉक्टरने ठामपणे सांगितलं नाही. गाव मात्र तेच धरून चालतं. बांबोळीच्या रुग्णालयातून आम्हाला फुफ्फुस प्रत्यारोपणासाठी चेन्नईला पाठवलं, तोवर ऑक्सिजनशिवाय त्याला अंगणही ओलांडवत नव्हतं.

नवं फुफ्फुस बसलं की सुटलो, असं इथे नसतं. 1963 मध्ये अमेरिकेत जेम्स हार्डी यांनी माणसात पहिलं फुफ्फुस बसवलं. तो रुग्ण 18 दिवस जगला. पुढची वीस वर्षं बऱ्याच जणांचा घात श्वासनळीच्या टाक्यांनी केला. नळीला रक्त देणाऱ्या बारीक धमन्या फुफ्फुस काढतानाच तुटतात, त्या सहसा पुन्हा जोडत नाहीत. फुफ्फुसातून उलटं झिरपेल तेवढ्या रक्तावर सांधा भरावा लागतो. 1983 मध्ये टोरांटोत जोएल कूपर यांचा रुग्ण त्यातून तरला आणि पुढे काही वर्षं जगला.

दादाचे टाके धरले. त्याला गाठलं ते क्वचितच घडणाऱ्या प्रकाराने: उजव्या फुफ्फुसाचा मधला कप्पा स्वतःभोवतीच फिरला, त्याला पीळ बसला. अशा वेळी रक्त आत शिरतं, बाहेर पडत नाही, आणि कप्पा सडू लागतो.

रात्रपाळीच्या मल्याळी सिस्टरला ओढलेल्या कफात लालसर झाक दिसली. ऑक्सिजनही थोडा वाढवावा लागत होता. एवढं तेवढं चालायचंच, असं म्हणून ती गप्प बसली असती तर तिला कोणी बोल लावला नसता. तिने डॉक्टरांना झोपेतून उठवलं. एक्स-रेत पांढरा पट्टा, दुर्बिणीत त्या कप्प्याचं तोंड पिळवटून बंद. पहाटे छाती पुन्हा उघडली. पीळ सोडवल्यावर कप्प्याला रंग आला. मग शेजारच्या कप्प्याला टाके घालून तो जखडून टाकला. उशीर झाला असता तर कापावाच लागला असता.

आईने सिस्टरसाठी घरचे काजूगर पाठवले. तिने ते वॉर्डभर वाटले आणि म्हणाली, “ड्यूटी था.” दात्याच्या घरच्यांना तर काजूही पाठवता येत नाहीत. त्यांचं नाव कळू देत नाहीत, आणि ते बरंच आहे. नाहीतर आम्ही कोकणी माणसं त्यांच्या दारात बसून राहिलो असतो. दादा माउली देवीसमोर त्यांच्यासाठी नारळ ठेवतो, नाव न घेता.

अवयवदानाचं कार्ड खिशात असलं तरी मेंदूमृत्यूनंतर होकार घरच्यांकडूनच घेतात. तेव्हा तुमची इच्छा असेल तर ती आज घरात बोलून ठेवा.